पिंढरीतला गोळा

धनगरवस्ती, जतजवळ
३ ऑक्टोबर २०२३

चि. उत्का,

कोंडीबा आप्पाचा आशीर्वाद.

रविवारी तू वस्तीवरच्या बिराप्पाच्या फोनवर फोन केलास. त्यानं फोन माज्या कानाला लावला आन मी नुसता "व्हय, व्हय" म्हनत बसलो. खरं सांगतो, मला त्यातलं अक्षार ऐकू आलं न्हाई. कानाचं यंत्र लावलं की नुसती शिट्टी वाजती, म्हनून ते फळीवर ठिवून दिलंय. मानूस म्होरं असलं तर तोंडाकडं बगून कळतं. फोनला तोंड न्हाई. म्हनून हे पत्र. चौथीपत्तुर शिकलो ते आता कामाला आलं. तिकीट लावून टपालात टाकायचं काम शेजारच्या मंगलकडं दिलंय. तिनं तुजा जर्मनीचा पत्ता लय बारीक अक्षरात लिहून दिलाय.

हितं टँकर आठ दिसांनी येतो. मेंढरं शहाण्णव हायत. दिवाळी झाली की मी आन बिराप्पा मेंढरांचा खांडवा घेऊन निघू. आटपाडी, वडूज, तितनं कोरेगावच्या उसाकडं. औंदा तुजी चुलती न्हाई त्याला तिसरं वरीस. रंगुबाई असताना बिऱ्हाड घोड्यावर कसं बांधायचं ते मला कवा इचार करावा लागला न्हाई. आता दरसाली एक भांडं इसरतंय.

अलीकडं एक गंमत झालीया. दोनेकशे पावलं चाललो की डाव्या पिंढरीत गोळा येतो. उबं राह्यलं की जातो. चाललं की परत हजर. बिराप्पा म्हनतो, "आप्पा, तुमी आता मेंढरागत उबं राहून रवंथ कराय लागलाय." मी म्हनलं, बरं झालं, तेवढीच इश्रांती.

लोक इचारत्यात, तुमची पुतनी तिकडं काय करती. मी सांगतो, डाक्टर हाय. मग म्हनत्यात, कशाची? मग मी मेंढरं हाकाय लागतो. तू नक्की काय करतीस ते मला समजंल असं लिही.

तुजा,
आप्पा


२९ ऑक्टोबर २०२३

आप्पा,

नमस्कार. तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. इथे माझ्या नावाचं हाताने लिहिलेलं पाकीट कधी येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ते स्वतः आणून दिलं आणि "घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं. मी हसून सांगितलं, "काका मेंढ्यांबद्दल लिहितात."

मी काय करते ते सांगते. मी माणसांची डॉक्टर नाही. मी उंदरांच्या पायातलं रक्त मोजते. म्हणजे उंदराच्या पिंढरीच्या मांसात एका मिनिटात किती रक्त पोचतं, ते. आणि सुई न टोचता, कातडी न कापता मोजते. त्यासाठी एमआरआयचं यंत्र आहे. मोठ्या लोहचुंबकाचं नळकांडं समजा. मिरजेच्या दवाखान्यात माणसांचं असतं तसंच, पण आतली जागा उंदराच्या मापाची.

तुम्ही बाजारात दुसऱ्याच्या कळपात आपली मेंढरं मिसळू नयेत म्हणून त्यांच्या पाठीवर रंग मारता ना? तसं मी रक्तावर खूण करते. रक्त पायात शिरायच्या आधी चुंबकाने त्याला खूण होते. मग पिंढरीचा फोटो घ्यायचा. नंतर खूण न करता दुसरा फोटो. दोन्हींतला फरक म्हणजे तेवढ्या वेळात आलेलं नवं रक्त. ही खूण दोन-तीन सेकंदांत आपोआप पुसली जाते. उंदराला काही कळतही नाही.

आधी एका उंदराकडून एकदाच माप मिळायचं, कारण त्याला मारून पाय कापून बघत. आता तोच उंदीर मी दर आठवड्याला बघू शकते. अठरा आहेत. गुंगीचा वास देऊन झोपवते, पोटाखाली गरम पाण्याची गादी घालते, श्वास मोजत बसते. खोलीत मी आणि एक उंदीर. यंत्र दणादण वाजत असतं. परवा लक्षात आलं, मी त्याच्याशी मराठीत बोलते. "बस रे बाळा, झालंच आता." महिनाभरात दुसऱ्या कुणाशी मराठीत बोलले नव्हते.

पिंढरीचं मनावर घेऊ नका. वय झालं आता. झोपताना खोबरेल तेल कोमट करून लावा आणि बसत जा थोडं. बिडी कमी करा.

तुमची,
उत्का


कोरेगावच्या अलीकडं, उसाच्या रानात
१४ जानेवारी २०२४

चि. उत्का,

आशीर्वाद. मंगलनं तुजं पत्र बिराप्पाच्या जावयाबरूबर हितं धाडलं. मी वाचलं, मग बिराप्पाला वाचून दावलं. तो म्हनला, "एवढ्या लांब जाऊन उंदराची पिंढरी?" मी म्हनलं, आरं तुला कळंना व्हय, रगताला रंग मारत्यात. पाठीवरच्या रंगाचं मला झटदिशी कळलं.

आमी हितं नाथाजीरावांच्या रानात उतरलोय. लष्करातनं सुभेदार हून आलेला मानूस, वीस एकर ऊस. तोडणी झालेल्या फडात मेंढरं बसवली की त्यास्नी खत मिळतं आन आमाला ज्वारी. मानूस कडक हाय, पन चहाला हाक मारतो.

तेल लावतो. रोज लावतो. पन खरं सांगायचं तर औंदा खांडव्याच्या म्होरं बिराप्पा असतो. मी मागं. मागं राह्यलं की थांबता येतं, कुनी बगत न्हाई. थांबलो की मी बिडी काडतो, म्हंजी मानसाला वाटावं बिडीसाठी थांबलाय. आता पन्नास पावलं झाली की थांबतोय. वडूजच्या फुडं एक कोकरू माज्यासंगट मागं राह्यलं, त्याची आय म्होरं गेली. दोगंबी बांधावर बसलो.

डाव्या पायाच्या अंगठ्याजवळच्या बोटाला बाभळीचा काटा मोडला व्हता, दीड महिना झाला. भरंना झालाय. हळद लावतो.

एक इचारायचं व्हतं. त्या अठरा उंदरांचं शेवटी काय करता? रानात सोडता का?

तुजा,
आप्पा


११ फेब्रुवारी २०२४

आप्पा,

हे पत्र घाईत लिहिते आहे. तुमचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं. मी आनंदाने वाचलं, कोकराचं वाचून हसले आणि खणात ठेवलं.

आज आमच्या कामावरचा लेख लिहायला बसले होते. अशा लेखात पहिल्या परिच्छेदात आजार सांगावा लागतो. मी लिहिलं, "पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाला चालताना पिंढरीत वेदना होते, थांबल्यावर ती जाते, हळूहळू चालण्याचं अंतर कमी होतं, पावलावरच्या जखमा भरत नाहीत." एवढं लिहिलं आणि माझे हात थांबले. खण उघडून तुमची दोन्ही पत्रं काढली. सगळं त्याच क्रमाने होतं. दोनशे पावलं. मग पन्नास. मग बोट.

आप्पा, मी मुद्दाम उंदराच्या मांडीतली नस बांधून हाच आजार तयार करते आणि मग तो मोजते. हेच माझं काम आहे. तुम्ही मला ऑक्टोबरातच सगळं लिहून कळवलं होतं आणि मी तुम्हाला तेल लावा म्हणाले.

हळद लावू नका. मलम नको. बिडी आजपासून बंद. मिरजेला मोठ्या दवाखान्यात जा आणि "पायाच्या नसा तपासा" एवढंच सांगा. आत्ता बिराप्पाला फोन केला होता. तो म्हणाला, "आप्पा साताऱ्याला गेल्यात, येतील उद्या." कशाला गेले विचारलं तर मेंढरांच्या औषधाला म्हणाला. त्याचा आवाज मला बरा वाटला नाही.

उत्का


वडूज
२० मार्च २०२४

चि. उत्का,

आशीर्वाद. तुजं पत्र पोचलं. तू लय घाबरून लिव्हलंस. साताऱ्याला दवाखाना दावला. गोळ्या दिल्यात. पाय बरा हाय. आता दुखत न्हाई. बिडी सोडली.

मेंढरं वडूजजवळ हायत. हवा बरी हाय.

उंदरांचं काय करता ते तू लिव्हलं न्हाईस.

आप्पा


९ एप्रिल २०२४

आप्पा,

पत्रावर वडूज लिहिलंत, पण शिक्का मिरजेचा आहे.

मी मंगलवहिनींना फोन केला. त्या आधी म्हणाल्या, "सगळं बरं हाय." मी म्हटलं, वहिनी, शिक्का वाचलाय मी. मग त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "आप्पांनी बिरोबाची शपथ घातली हाय, मी काय बोलनार न्हाई," आणि रडतच राहिल्या. मी विचारलं, "बोट का?" त्या रडत राहिल्या. "पाऊल?" त्या रडत राहिल्या. मी पुढचं विचारलं नाही. मला सांगायचं ते तुम्हीच सांगा.

तुम्ही दोनदा विचारलंत आणि पहिल्यांदा मी टाळलं. आता सांगते. उंदरांना सोडत नाहीत. तीन-तीनच्या तुकड्या करते आणि प्रत्येक तुकडीचं चार आठवडे, दर आठवड्याला रक्त मोजते. शेवटच्या मोजणीनंतर ते झोपेत असतानाच औषध जास्त देतात. मग पिंढरीचं मांस काढून सूक्ष्मदर्शकाखाली नव्या नसा मोजतात, यंत्राने सांगितलं ते खरं होतं का ते तपासायला. हे सगळं मीच करते. अठराही संपले, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तुमचं "पाय बरा हाय" हे पत्र आलं त्याच दिवशी शेवटचे तीन.

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला ते लिहिलेलं बघायचं नव्हतं.

मी येते. बाईंना विचारलं आहे, पंधरा दिवसांची रजा मिळेल.

उत्का


धनगरवस्ती
१२ मे २०२४

चि. उत्का,

आशीर्वाद. येऊ नगंस. आलीस तर माज्याकडं बगत बसशील, ते मला सोसायचं न्हाई. काम अर्ध्यात टाकू नगं. पन लिहितो समदं.

तू फोन केलास त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी चहाला नाथाजीरावांच्या पडवीत गेलो, चप्पल काडली. सुभेदार एकदम उबं राह्यलं. कप खाली ठिवला. माज्या तोंडाफुडं येऊन मोठ्यानं म्हनले, "कोंडीबा, हे बोट न्हाई, हा कोळसा झालाय. कवापास्नं?" मी म्हनलं, काटा लागलाय. ते म्हनले, "काटा न्हाई रं हा. सियाचीनला माज्या पोरांची असली बोटं मी बगितलीत." लगीच गाडी काडली. सातारा. साताऱ्याच्या डाक्टरनी मिरजेला धाडलं. सुभेदार मिरजेपत्तुर आले, दोन दिस बाकड्यावर झोपले. परका मानूस.

मिरजेला माजाबी फोटो काडला, नसांचा. मांडीतली नळी बंद. डाक्टरनी पडद्यावर दावलं, हितनं खाली अंधार. तुजे उंदीर आठवले. गुडघ्याच्या खाली चार बोटं ठिवून पाय काडला. ते वडूजचं पत्र मी कॉटवर बसून लिव्हलं व्हतं.

बिराप्पा आला तवा त्याला मेंढरं दिली. इकली म्हन, दिली म्हन. तो खाली बगून बोलत व्हता, त्यामुळं मला कळलं न्हाई काय म्हनाला. नुसता पाठीवर हात ठिवला.

डाक्टरला मी इचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हनले, तीन-चार महिनं आधी आला असता तर कायतरी करता आलं असतं. मंगल म्हनली, हे उत्काला लिहू नगा. पन तू मला उंदराचं खरं सांगितलंस, मग मी का लपवू. मला ठावंच व्हतं सोडत नसतील. आमीबी मेंढराला नाव ठिवतो आन बाजारात नेतो. तू उत्तर दिलं न्हाईस तवाच वळखलं.

आता नीट ऐक. तू समजतीस, मी दुखणं लिव्हलं आन तू वळखलं न्हाईस. तू वळखावंस म्हनून मी लिव्हलंच नव्हतं. रंगुबाई असताना मी रोज कायतरी म्हनायचो, पाठ दुखती, मान आखडली. ती म्हनायची, "लावा की तेल." तेवढंच. ती गेल्यावर असं म्हनणारं कुनी राह्यलं न्हाई. तू लिव्हलंस तेल लावा. मी ते वाचून वाटी चुलीवर ठिवली. लय बरं वाटलं मला. तो शबुद माज्याकडनं काडून घेऊ नगंस.

डाक्टर म्हनत्यात, दुसऱ्या पायातबी सुरुवात हाय. चालाय पायजे म्हनत्यात, दुखंस्तवर चाला, थांबा, परत चाला. नकली पाय आला की चालनार. तुजे उंदीर चालत व्हते का? त्यांचं काय झालं? धीर द्यायला लिहू नगं. आकडा लिही.

तुजा,
आप्पा


२० जून २०२४

आप्पा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. बाई घरी आल्या, सूप घेऊन. काय झालं ते इंग्रजीत सांगताना मला "तेल लावा" याचं इंग्रजी करता आलं नाही.

आकडा लिहिते.

अठरापैकी नऊ उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक होतं, नऊंच्या नव्हतं. नस बांधल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पायात चांगल्या पायाच्या मानाने दहातला दीड भाग रक्त होतं. चार आठवड्यांनी चाक नसलेल्यांचं दहातले चार भाग झालं. चाकवाल्यांचं साडेसहा. मोठी नस उघडली नाही, ती बंदच राहिली. पण बाजूच्या बारीक नसा रुंद झाल्या आणि रक्त वळसा घालून पोचलं. यंत्राने सांगितलं आणि सूक्ष्मदर्शकातही तेच दिसलं.

चाकवाल्या नऊपैकी एकाचं काहीच वाढलं नाही. तो सगळ्यांत जास्त पळायचा. का वाढलं नाही ते आम्हाला माहीत नाही. लेखातही तसंच लिहिलं आहे.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तेही खरं.

चाला.

उत्का


धनगरवस्ती
१० नोव्हेंबर २०२४

चि. उत्का,

आशीर्वाद. सहा महिनं लिव्हलं न्हाई. नकली पायाच्या मागं व्हतो. आधी कातडं सोललं, मग घट्टा पडला. आता काठी घिऊन हापशापत्तुर जातो, तितनं मंगलच्या दारापत्तुर, तितनं घर. चांगला पाय दुखाय लागला की थांबतो. आता बिडी न्हाई, त्यामुळं थांबल्यावर हाताचं काय करावं कळत न्हाई. कोन दिसलं तर सरळ सांगतो, पिंढरी दुखतीया म्हनून थांबलोय.

सोमवारी मिरजेला तपासायला गेलतो. मंगल संगट व्हती. डाक्टर नवा व्हता, पोरसवदा. त्यानं माज्या चांगल्या पावलावर थंडगार लोणी लावल्यागत कायतरी लावलं, वर पेनासारखं यंत्र टेकवलं आन हसून म्हनला, ऐका आजोबा, तुमचं रक्त. त्या यंत्रातनं आवाज येतो म्हन. मी त्याच्या तोंडाकडं बगत बसलो. मंगल म्हनली, "त्यांस्नी ऐकू येत न्हाई." डाक्टर इरमुसला.

मग मंगलनं काय केलं, माजा हात धरला, तळवा उघडला आन यंत्रातनं वाजंल तसं बोटानं माज्या तळव्यावर ठोकत ऱ्हायली. ठक. ठक. ठक. मधीच एक जरा दमानं. डाक्टरनं यंत्र काडलं तरी ती दोन-तीनदा ठोकतच व्हती. डाक्टरनं कागदावर लिहून दावलं, मागच्यापेक्षा बरं हाय. किती, ते इचारलं. म्हनला, थोडं. मी म्हनलं, थोडं म्हंजी किती? त्यानं आकडा लिव्हला. मागं पन्नास व्हता, आता बासष्ट. कशातला ते मला कळलं न्हाई, तुला कळंल.

काल खांडवा गेला. बिराप्पानं सांगाय मानूस धाडलं व्हतं, पन मी आधीच वाटंला जाऊन उबा व्हतो. मेंढरांस्नी पाठीवर आता बिराप्पाचा हिरवा रंग हाय. आमच्यातली चार-पाच मला वळखून थांबली, मागनं रेटा आला तशी गेली. बिराप्पा घोड्याजवळ थांबला. ह्या वक्ताला माज्या म्होरं तोंड करून बोलला, "आप्पा, येता का कोरेगावपत्तुर? घोड्यावर बसा." मी म्हनलं, न्हाई रं गड्या, मेंढका घोड्यावर बसला तर मेंढरं हसतील. तो गेला. धुरळा बसंस्तवर मी उबा राह्यलो. मग मागं वळलो तर वस्तीवर कुनी न्हाई. सगळी बिऱ्हाडं गेली. मंगलबी म्हायेरला, म्हसवडला, आठ दिस.

घरी आलो, भाकरी केली. दोन झाल्या. एक झाकून ठिवली, कुनासाठी कुनास ठाऊक.

मे महिन्यात मी तुला येऊ नगंस लिव्हलं. ते खरं नव्हतं. तवा मला वाटलं, पाय बगायला येशील, आन पाय तर बगण्यासारखा राह्यला नव्हता. आता तसं काय न्हाई. पाय बगू नगंस. माप घेऊ नगंस. औषध आनू नगंस. नुसती ये आन माज्या म्होरं बसून बोल, जरा सावकाश बोल, तोंडावर हात ठिवू नगंस.

रजा कवा मिळती ते लिही. मी चौकटीवर दिस लिवून ठिवतो.

तुजा,
आप्पा